आगीपेक्षा वहीची भीती: मध्ययुगीन युरोपातले पाखंडाचे खटले

24 एप्रिल 1323 रोजी दक्षिण फ्रान्समधल्या कार्कासोन शहरात चार माणसांना जिवंत जाळलं. त्या दिवसाचा खर्च कुण्या कारकुनाने नीट मांडून ठेवला आहे. मोठी लाकडं, 55 सोल 6 दनिए. द्राक्षवेलींच्या काटक्या, 21 सोल 3 दनिए. पेंढा, 2 सोल 6 दनिए. चार खांब, 10 सोल 9 दनिए. बांधायला दोर, 4 सोल 7 दनिए. जल्लादाची मजुरी माणशी 20 सोल, म्हणजे 80. एकूण 8 लिव्र 14 सोल 7 दनिए. बारा दनिएंचा एक सोल आणि वीस सोलांचा एक लिव्र. आपल्या जुन्या रुपये-आणे-पैसारखाच प्रकार. मी बेरीज करून पाहिली. बरोबर येते.

पाखंडाचे खटले म्हटलं की डोळ्यांसमोर तळघर, साखळ्या, किंचाळ्या आणि माथेफिरू पाद्री येतो. त्यातलं बरंचसं नंतरच्या काळाने रंगवलेलं आहे. आतून खिळे मारलेला तो प्रसिद्ध लोखंडी पेटारा तर मध्ययुगातला नाहीच. चेटकिणी म्हणून बायकांना जाळण्याची मोठी लाटही मुख्यतः पंधराव्या शतकानंतरची. मध्ययुगातली खरी यंत्रणा कारकुनी होती. नोटरी, शाई, चर्मपत्र, ठरलेले प्रश्न, सहीशिक्का. आणि त्या काळच्या लोकांच्या वागण्याकडे नीट पाहिलं तर कळतं की ते धास्तावलेले असायचे ते या वहीला. आग फार थोड्यांच्या वाट्याला यायची. वहीत नाव मात्र अख्ख्या गावाचं जायचं.

आधी शब्दाचं बघू. 'हेरेसी' हा शब्द ज्या ग्रीक शब्दावरून आला त्याचा मूळ अर्थ नुसता 'निवड' किंवा 'एखादा विचारपंथ' असा होता. गंमत म्हणजे आपल्या 'पाखंड' शब्दाचं अगदी असंच झालं आहे. अशोकाच्या शिलालेखांत 'पासंड' म्हणजे कुठलाही पंथ. सगळ्या पासंडांचा मान राखा, असं तो सांगतो. पुढे 'पाखंडी' ही शिवी झाली. दोन्हीकडे साधा 'वेगळा मार्ग' हाच गुन्हा ठरला. म्हणून मी इथे पाखंड हाच शब्द वापरतो.

पण चर्चच्या कायद्यात नुसतं चुकीचं मानणं म्हणजे पाखंड नव्हे. बाप्तिस्मा झालेल्या ख्रिश्चनाने चुकीचं मानलं, ते चुकीचं आहे असं त्याला सांगितलं, तरी तो अडून राहिला, तर ते पाखंड. अज्ञान चालेल, हट्ट चालणार नाही. पुढचा सगळा खटला या एका अटीभोवती फिरतो.

गुन्हा कसा तयार झाला

पश्चिम युरोपात पाखंडासाठी जाळल्याची मध्ययुगातली पहिली नोंद 1022 सालची, फ्रान्समधल्या ऑर्लेआंची. त्यानंतरची दीडशे वर्षं सगळं विस्कळीत होतं. कुठे जमावच माणसाला आगीत ढकलायचा, कुठे बिशप दुर्लक्ष करायचा. 1184 मध्ये पोप तिसऱ्या लुसियसने बिशपांना हुकूम दिला की आपापल्या हद्दीत फिरून पाखंडी शोधा. 1199 मध्ये तिसऱ्या इनोसंटने पाखंडाला राजद्रोहाच्या पंक्तीत बसवलं. राजाशी द्रोह करणाऱ्याची मालमत्ता जप्त होते, तर देवाशी द्रोह करणाऱ्याची का नको, असा सरळ हिशेब. जप्ती आली आणि प्रकरणात पैसा शिरला.

दक्षिण फ्रान्समध्ये, लांगदॉकमध्ये, तेव्हा एक वेगळाच पंथ रुजला होता. आज त्यांना कॅथर म्हणतात. ते स्वतःला 'भले ख्रिश्चन' म्हणायचे. (त्यांची खरोखर संघटित मंडळी होती, की चौकशी करणाऱ्यांनीच विखुरलेल्या लोकांना एका नावाखाली गोळा केलं, यावर इतिहासकार आजही हमरीतुमरीवर येतात.) त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: आत्मा भल्या देवाचा, पण हे शरीर, ही माती, हा सगळा पसारा दुष्ट शक्तीचा. त्यांच्यातले दीक्षा घेतलेले 'भले लोक' मांस, अंडी, दूध खात नसत, ब्रह्मचर्य पाळत आणि गावोगाव फिरत. सामान्य अनुयायी मात्र संसारात राहायचा आणि मरताना दीक्षा घ्यायचा.

1209 मध्ये पोपच्या हाकेवरून या भागावर फौजा चालून आल्या. वीस वर्षं लढाई चालली. किल्ले पडले, पण पंथ घरांत शिरला. सैन्याला घरातला विश्वास शोधता येत नाही. त्यासाठी दुसरं हत्यार लागतं. 1230 च्या दशकात पोप नववा ग्रेगरी याने डोमिनिकन नावाच्या संघातल्या साधूंना ते काम दिलं.

'इन्क्विझिशन' म्हणजे मुळात काय

लॅटिनमध्ये इन्क्विझिशियो म्हणजे चौकशी. बस्स. मध्ययुगात या नावाचं कुठलं मुख्यालय नव्हतं, खातं नव्हतं. ती खटला चालवण्याची एक पद्धत होती.

त्याआधीची पद्धत अशी: ज्याला तक्रार आहे त्याने स्वतः उभं राहायचं, नाव सांगायचं, आरोप सिद्ध करायचा. सिद्ध झाला नाही तर शिक्षा फिर्याद्यालाच. साहजिकच कुणी फारसं पुढे येत नसे. नव्या पद्धतीत फिर्यादीची गरज नाही. अमुक माणसाबद्दल गावात बोभाटा आहे, एवढं पुरे. न्यायाधीश स्वतःहून चौकशी सुरू करतो, स्वतःच पुरावा गोळा करतो आणि निकालही स्वतःच देतो.

दुसरा बदल 1215 चा. त्या वर्षी रोमच्या लॅटेरन परिषदेने पाद्र्यांना दिव्यात भाग घ्यायला बंदी केली. आपल्याकडे उकळत्या तेलातून धातूचा रवा काढायचं दिव्य असे, तसंच युरोपात तापलेलं लोखंड धरायला लावायचे, पाण्यात टाकायचे. पाद्री नाही म्हटल्यावर देवाचा कौल बंद. मग पुरावा कशाचा? एकतर दोन प्रत्यक्ष साक्षीदार, नाहीतर कबुली. पाखंड तर डोक्यातला गुन्हा; डोक्यात डोकावलेला साक्षीदार आणणार कुठून? म्हणून सगळा भार कबुलीवर आला. 1252 मध्ये चौथ्या इनोसंटने छळाला परवानगी दिली ती याच गरजेतून. अवयव तुटता कामा नये, जीव जाता कामा नये, एवढी अट घालून.

प्रत्यक्ष काम कसं चालायचं? चौकशी करणारा गावात येतो, प्रवचन करतो, सवलतीची मुदत जाहीर करतो, बहुधा पंधरा दिवस ते महिनाभर. या काळात आपण होऊन आलात तर हलकं प्रायश्चित्त. फक्त पूर्ण कबुली द्यायची. आणि पूर्ण कबुली म्हणजे आपल्याबरोबर आणखी कोण होतं तेही सांगायचं.

खरा फास इथे आहे. तुम्ही गेला नाहीत आणि शेजारी गेला, तर शेजाऱ्याच्या जबानीत तुमचं नाव आलंच म्हणून समजा. प्रत्येक जबानीतून चार नवी नावं, त्या चौघांकडून सोळा. 1245-46 मध्ये तुलूझला बेर्नार द को आणि त्याच्या सहकाऱ्याने आसपासच्या गावांतल्या पाच हजारांहून जास्त लोकांना वर्षभरात बोलावून विचारलं. प्रश्न ठरलेले: पाखंडी पाहिलेत का? कुठे, केव्हा, कोणाबरोबर? त्यांचं प्रवचन ऐकलंत? त्यांच्या हातची भाकरी खाल्लीत? त्यांच्यापुढे गुडघे टेकलेत? आता, भल्या माणसासमोर वाकून आशीर्वाद मागणं हा त्या भागातला साधा शिष्टाचार होता. वाटेत साधू भेटला की आपण हात जोडतो, तेवढंच. वहीत मात्र ती 'पूजा' म्हणून जायची.

आरोपीला साक्षीदारांची नावं सांगत नसत. एक पळवाट होती: तुमच्या जिवावर उठलेल्या शत्रूंची यादी द्या; साक्षीदार त्यात निघाला तर त्याची साक्ष बाद. म्हणजे अंधारात दगड मारायचा आणि लागेल अशी आशा धरायची. वकील नावापुरता. पाखंड्याची बाजू मांडणारा स्वतःच संशयित, मग कोण उभा राहील?

पामिएच्या बिशपची खोली

या सगळ्याचं जवळून दर्शन घडवणारी एक वही आजवर टिकून राहिली आहे. पिरेनीज डोंगरांच्या पायथ्याशी पामिए नावाचं गाव आहे. तिथला बिशप झाक फुर्निए. साध्या घरातला, शिकून वर आलेला, चिकाटीचा. 1318 ते 1325 या काळात त्याने 98 प्रकरणांत 578 वेळा लोकांना समोर बसवलं. साक्षी तिथल्या बोलीत, ऑक्सितान भाषेत व्हायच्या, नोटरी त्या लॅटिनमध्ये उतरवायचा आणि पुन्हा देशी भाषेत वाचून दाखवायचा. फुर्निएने छळ जवळजवळ वापरला नाही. 1321 च्या कुष्ठरोग्यांच्या प्रकरणात तेवढा अपवाद दिसतो. त्याची पद्धत वेगळी होती. तो विचारत राहायचा. मग काय झालं? तेव्हा कोण होतं? त्यावर तू काय म्हणालास? कंटाळा हा प्रकार त्याला माहीतच नसावा.

त्याच्या समोर आलेले बरेच लोक मोंतायू नावाच्या डोंगरी गावचे. वस्ती दोन-अडीचशे. 1308 मध्ये कार्कासोनच्या चौकशीवाल्याने या गावातली सगळी मोठी माणसं एकाच दिवशी पकडून नेली होती. गावचा पाद्री पिएर क्लेर्ग आणि त्याचा भाऊ बेर्नार, जो शेतसारा वसूल करायचा, आपल्याकडच्या पाटलासारखा. हे दोघे भाऊ एकीकडे कॅथरांना घरात थारा द्यायचे आणि दुसरीकडे चौकशीवाल्यांचे गावातले हस्तक होते. नको असलेल्या माणसाचं नाव कार्कासोनला पोचवायचं, काम झालं. मेंगार्द मोर्स नावाच्या बाईने क्लेर्गांच्या पाखंडाबद्दल तोंड उघडलं, तर तिची जीभ कापण्यात आली. हे चर्चने नाही केलं, गावच्या सत्तेने केलं. यंत्रणा वरून आलेली असली तरी ती चालायची गावकीच्या भांडणांवर.

बेआत्रीस द प्लानिसोल ही खालच्या दर्जाच्या सरदार घराण्यातली विधवा. 1320 च्या उन्हाळ्यात तिला बोलावणं आलं. तक्रार काय, तर ती कधीतरी म्हणाली होती म्हणे: चर्चमधला प्रसाद हे जर खरंच ख्रिस्ताचं शरीर असेल, तर ते शेजारच्या डोंगराएवढं असतं तरी पाद्र्यांनी आत्तापर्यंत खाऊन संपवलं असतं. पहिल्या जबाबानंतर ती घाबरून पळाली, पकडली गेली. तिच्या सामानात काय सापडलं त्याची यादी वहीत आहे. दोन नातवांच्या वाळलेल्या नाळा. मुलीच्या पहिल्या विटाळाचं कापड. आरसा, धूप, कापडात गुंडाळलेली सुरी, एका रोपाचं बी. नाळा कशाला? जवळ ठेवल्या तर कोर्टात खटला हरत नाही, असं तिला कुणी सांगितलं होतं. कापड कशाला? भिजवून जावयाला पाजलं तर तो दुसऱ्या बाईकडे बघणार नाही. जगातल्या कुठल्याही सासूच्या पेटीत सापडतील असे तोडगे. खटल्यात जिंकवणाऱ्या नाळा बरोबर असताना ती पकडली गेली, हे मात्र वाईट झालं.

पिएर क्लेर्ग पाद्र्याशी तिचे एकेकाळी संबंध होते. ती त्याच्या उवा काढत बसायची आणि तो तिला कॅथरांचं तत्त्वज्ञान सांगायचा. मोंतायूत उवा काढणं हा गप्पांचाच प्रसंग असे. बायका उन्हात दारात बसून आपल्या माणसांच्या डोक्यातल्या उवा वेचायच्या आणि गावभरच्या गोष्टी निघायच्या. फुर्निएला उवांशी घेणंदेणं नव्हतं, त्याला त्या वेळी झालेलं बोलणं हवं होतं. पण नोटरीने उवाही लिहिल्या.

मराठी वाचकाला या वहीत एक ओळखीची गोष्ट भेटेल. कॅथर पुनर्जन्म मानायचे. आत्मा एका शरीरातून दुसऱ्यात, कधी जनावरातही जातो. मेंढपाळ एकमेकांना एक गोष्ट सांगायचे. एक भला माणूस सोबत्याबरोबर वाटेने चालला होता. एका जागी थांबून तो म्हणाला, मागच्या जन्मी मी घोडा होतो, याच ठिकाणी रात्री दौडताना दोन दगडांच्या बेचक्यात माझा नाल निसटला. दोघांनी शोधाशोध केली. नाल सापडला. आपल्याकडे कीर्तनात खपून गेली असती ही गोष्ट. तिथे ती पुरावा झाली.

आणि एक प्रसंग. आर्क गावच्या सिबील पिएरची तान्ही मुलगी, झाकोत, वर्षाचीही नव्हती. आजारी पडली, वाचायची आशा राहिली नाही. प्राद ताव्हेर्निए नावाच्या भल्या माणसाने तिला शेवटची दीक्षा दिली. दीक्षेनंतर नियम असा की दूध, मांस काही द्यायचं नाही; पोरगी मेली तर देवदूत होईल. बाप आनंदला. तो आणि दीक्षा देणारा घराबाहेर पडले आणि सिबीलने मुलीला पदराखाली घेतलं. तिला राहवलं नाही, असं ती स्वतः सांगते. नवऱ्याला कळलं तेव्हा तो भयंकर संतापला, पुढे किती दिवस त्याने बायकोवर आणि त्या लेकरावर माया केली नाही. ही जबानी वाचल्यावर कॅथर म्हणजे निव्वळ बिचारे, पवित्र बळी असं चित्र माझ्या डोक्यातून गेलं. त्यांचाही धर्म कठोर होता. फक्त त्यांच्या हातात तुरुंग नव्हता.

शपथेचा सापळा

फुर्निएच्या वहीतले 98 खटले, त्यातून आगीत गेले पाच. एक मोंतायूचा गियोम फोर. बाकी चौघे कॅथर नव्हते, वॉल्डेन्स पंथाचे होते. बाराव्या शतकात लिओंच्या एका व्यापाऱ्याने सगळं वाटून टाकून गरिबीत प्रवचनं सुरू केली, त्याचे हे अनुयायी. त्यांचा ख्रिस्तावर पूर्ण विश्वास, जगणं साधं. पण बायबलात 'शपथ मुळीच वाहू नका' असं आहे, ते हे शब्दशः पाळायचे.

आणि खटल्याची पहिली पायरी कुठली? बायबलवर हात ठेवून खरं बोलण्याची शपथ.

रेमों द ला कोत आणि त्याच्याबरोबर राहणारी वयस्क आन्येस फ्रांकू यांनी शपथ घ्यायला नकार दिला. तिथेच गुन्हा सिद्ध. रेमोंशी बिशपने महिनोन्महिने वाद घातला, ग्रंथ काढून समजावलं. आन्येसला शास्त्र येत नव्हतं, तिला फक्त एवढंच माहीत होतं की शपथ घ्यायची नाही. 1320 मध्ये दोघांना जाळलं. पुढच्या वर्षी त्यांच्याच पंथाच्या एका नवराबायकोला.

खोटं बोलणाऱ्यापेक्षा खरं बोलणाऱ्याला ही यंत्रणा जास्त मारायची. नाटकी पश्चात्ताप करणारा वाचायचा.

शिक्षा

यंत्रणेला प्रेतं नको होती, शरणागती हवी होती. जाळावं लागलं की त्यांच्या दृष्टीने आत्मा हातचा गेला. म्हणून बहुतेकांना मिळायची ती प्रायश्चित्तं. तीर्थयात्रा. उपास. कपड्यांवर पुढे आणि मागे शिवलेले पिवळे क्रूस, घरातही, शेतातही. ऐकायला हलकं वाटतं. पण क्रूसवाल्याला काम कोण देणार, त्याच्या पोरीशी सोयरीक कोण करणार? त्यावरची शिक्षा म्हणजे 'भिंत'. तुरुंगाला भिंतच म्हणायचे. रुंद भिंत म्हणजे आत फिरता यायचं, अरुंद भिंत म्हणजे बेड्या, भाकरी आणि पाणी. बेर्नार क्लेर्गला अरुंद भिंत मिळाली आणि 1324 च्या उन्हाळ्यात तो तिथेच गेला. पिएर त्याच्या आधीच कैदेत मेला होता, एक शब्द कबूल न करता.

मेलेलेही सुटत नसत. मेल्यावर पाखंडी ठरला तर हाडं उकरून मिरवत नेऊन जाळायची. वेड लागल्यासारखं वाटतं, पण त्यात हिशेब होता: बाप पाखंडी ठरला की वारसांची मालमत्ता जप्त.

आग दोन प्रकारच्या लोकांसाठी. एक, शेवटपर्यंत अडून बसलेले. बोहेमियाचा (आजच्या चेकियातला) सुधारक पाद्री यान हुस 6 जुलै 1415 ला कॉन्स्टन्समध्ये असा गेला. राजा सिगिस्मुंडचं अभयपत्र हातात असूनही. दुसरे, एकदा शपथपूर्वक सोडून पुन्हा तिकडे वळलेले. यांना दुसरी संधी नव्हती. जोन ऑफ आर्कचं उदाहरण सगळ्यांना माहीत आहे, पण तिला नेमकं कोणत्या कलमाखाली जाळलं ते पुष्कळांना माहीत नसतं. 24 मे 1431 ला तिने जमावासमोर माघारीच्या कागदावर खूण केली, शिक्षा जन्मठेपेवर आली. चार दिवसांनी ती कोठडीत पुन्हा पुरुषी कपड्यांत दिसली. आपल्याला पुन्हा दैवी आवाज ऐकू आले, असंही तिने सांगितलं. त्यावर 'पुन्हा वळली' ठरली आणि 30 मे ला जळाली. वय एकोणीसच्या आसपास. 1456 मध्ये तो निकाल रद्द झाला, पण तेव्हा रद्द होऊन काय उपयोग.

चर्च स्वतः जाळत नसे. पाद्र्याने रक्त सांडायचं नाही, असा नियम. म्हणून दोषीला सरकारच्या 'हवाली' करायचे आणि कागदावर लिहायचे की याच्याशी दयेने वागावं. ज्या अधिकाऱ्याने खरंच दया दाखवली असती, त्याला पाखंड्यांचा साथीदार म्हणून बहिष्कृत केलं असतं. सगळ्यांना सगळं माहीत होतं. कार्कासोनच्या त्या लाकडांचा आणि दोरांचा हिशेब ठेवला जायचा तो याच व्यवस्थेत.

आकडे पाहिले तर तुलूझच्या बेर्नार गी या प्रसिद्ध चौकशीवाल्याने पंधराएक वर्षांत नऊशेहून जास्त शिक्षा सुनावल्या. त्यात जिवंत जाळण्यासाठी हवाली केलेले चाळीसच्या आसपास. म्हणजे वर्षाला तीनेक. याउलट 1244 मध्ये माँसेग्यूरचा किल्ला पडला तेव्हा दोनशेहून जास्त भल्या लोकांना एकाच दिवशी जाळलं, पण ते लढाईनंतरचं हत्याकांड. काही लोक हे छोटे आकडे दाखवून म्हणतात की एवढा बाऊ कशाला. मला ते पटत नाही. वर्षाला तिघांना सगळ्यांसमोर जाळलं की उरलेले हजारो आपणहून रांगेत येऊन शेजाऱ्याचं नाव सांगतात. ते तिघे बाकीच्यांसाठीच असतात.

घरासाठी केलेली शिकार

आर्नो सिक्र हा मोची. त्याच्या आईला पाखंडी म्हणून जाळलं होतं आणि तिचं घर जप्त झालं होतं. ते घर त्याला परत हवं होतं. उपाय एकच दिसला, एखादा मोठा पाखंडी पकडून द्यायचा. तो पर्वत ओलांडून स्पेनच्या बाजूला गेला, जिथे मोंतायूकडचे पळालेले लोक दडून राहिले होते. सान मातेव गावी तो जोडे शिवत बसला. एक दिवस तिथल्या एका बाईने त्याची बोली ऐकली आणि ओळखलं, हा आपल्याकडचा. परमुलखात आपली भाषा कानावर पडली की माणूस विरघळतो. तिने त्याला घरात घेतलं.

तिथे त्याला गियोम बेलिबास्त सापडला, कॅथरांचा त्या मुलखातला शेवटचा ज्ञात दीक्षित. हा भला माणूस तसा फार भला नव्हता. तरुणपणी त्याने एका मेंढपाळाला मारलं होतं. ब्रह्मचर्याचं व्रत असून रेमोंद नावाच्या बाईबरोबर राहायचा. तिला दिवस गेले तेव्हा घाईघाईने तिचं लग्न पिएर मोरी या आपल्या भोळ्या मेंढपाळ मित्राशी लावून दिलं आणि थोड्याच दिवसांत मोडलंही. तरी त्याच्याशिवाय दीक्षा देणारा उरला नव्हता, म्हणून लोक त्याला धरून होते.

आर्नोने फुर्निएकडे जाऊन पैसे आणले. परत येऊन श्रीमंत मावशीची आणि लग्नाळू बहिणीची कथा रचली आणि बेलिबास्तला उत्तरेकडे, तिर्व्हिया गावापर्यंत आणलं. तिथे शिपाई तयार होते. 1321 मध्ये व्हिलरूज-तेर्मेनेसला बेलिबास्तला जाळलं. आर्नो हेरगिरीच्या काळात पाखंड्यांबरोबर जेवला होता, त्यांच्यापुढे वाकला होता. कायद्याने तोही गुन्हाच. बिशपने त्याला त्यातून मोकळं केलं, पण आधी त्याची लांबलचक जबानी लिहून घेतली. आज बेलिबास्तबद्दल आपल्याला जे माहीत आहे ते बरंचसं त्याला विकणाऱ्याच्या तोंडून.

वह्यांचं पुढे काय झालं

लोकांना वहीची ताकद कळत नव्हती असं नाही. 1280 च्या दशकात कार्कासोनच्या काही प्रतिष्ठितांवर आरोप आला की त्यांनी चौकशीच्या वह्याच पळवायचा कट केला. कारण उघड आहे: माणूस मेला तरी वही राहते आणि तीस वर्षांनीसुद्धा आजोबांचं पान काढता येतं. बेर्नार देलिसिए या फ्रान्सिस्कन साधूने या वह्यांवरच हल्ला चढवला. त्यातली नावं बनावट आहेत, म्हणाला. राजासमोर त्याने सांगितलं की आज सेंट पीटर आणि सेंट पॉल यांना या लोकांपुढे उभं केलं तर त्यांनाही आपली बाजू मांडता येणार नाही. 1303 मध्ये त्याच्या पुढाकाराने कैदी तुरुंगातून बाहेर निघाले. 1319 मध्ये त्याच्यावरच खटला झाला, जन्मठेप मिळाली आणि काही महिन्यांत तो मेला. त्याच्या दोन न्यायाधीशांपैकी एक झाक फुर्निए.

इथे गोव्याची आठवण येणं अटळ आहे. गोव्याचं इन्क्विझिशन 1560 चं, मध्ययुगानंतरचं आणि पोर्तुगालच्या राजाच्या खात्याचं. तिथे मुख्य रोख धर्मांतर करूनही जुने रीतिरिवाज पाळणाऱ्यांवर होता. पण नावं न सांगितलेले साक्षीदार, कबुलीचा आग्रह, 'हवाली' करणं, हे सगळं लांगदॉकमध्ये घडवलेल्या पद्धतीतूनच आलं. 1812 मध्ये ते बंद झालं तेव्हा तिथले बहुतेक कागद नष्ट झाले. त्यामुळे तुळशीला पाणी घालताना पकडली गेलेली एखादी बाई काय म्हणाली असेल, हे तिच्या शब्दांत ऐकायची सोय जवळजवळ राहिली नाही.

फुर्निएची वही टिकली ती तो मोठा झाला म्हणून. 1334 मध्ये तो पोप झाला, बारावा बेनेडिक्ट या नावाने. त्याच्या वहीची प्रत पोपच्या ग्रंथसंग्रहात गेली आणि आज ती व्हॅटिकनमध्ये आहे. मेंढपाळांची, मोच्यांची, उवा वेचणाऱ्या बायकांची बोलणी त्यात शाबूत आहेत, त्यांना पकडण्यासाठी लिहिलेली.

बेआत्रीसला 8 मार्च 1321 ला 'भिंती'ची शिक्षा झाली. तिच्याबरोबर तिचा नंतरचा प्रियकर, बार्तेलेमी आमिल्याक नावाचा तरुण पाद्री, त्यालाही. 4 जुलै 1322 ला दोघांनाही सोडलं. त्याला काही नाही, तिला मात्र दुहेरी पिवळे क्रूस. त्यानंतर वहीत तिचं नाव नाही.